ताणावरची नरखेडवाली

मी एकदा सागाच्या रोपांना चोरून पाणी पाजलं.

यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. माझी नातही हेच म्हणाली. "आजी, झाडांना पाणी घातलं म्हणून कुणी इतकी वर्षं तोंड लपवतं का?" तिचंही खरंच. बाकीच्या बायकांच्या चुका कशा, सांगताना तरी रंगत येते. माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक विहीर, एक बादली आणि पदर खोचून उभी असलेली एक दीडशहाणी. वनस्पतीशास्त्राची पदवी, नवीन लग्न, पहिली नोकरी, आणि अंगात दया तर अशी की उतू जायची. त्या दयेनं मी रेवतकर बाईंची सगळी मेहनत बुडवली.

शांताबाई रेवतकर. सत्तरीचं दशक सरत आलं होतं तेव्हा नागपूरच्या एका वन संशोधन केंद्रात त्या शास्त्रज्ञ होत्या आणि मी त्यांची मदतनीस. उंच, हाडापेरानं मोठ्या, उन्हानं रापलेल्या. अंगावर सुती पातळ आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. डोक्याला दुपट्टा असा आवळलेला की नुसते डोळे दिसायचे. पिशवीत लू लागू नये म्हणून एक कांदा. रोपापाशी गेल्या की पान उलट्या हातानं चाचपायच्या, आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावतो तसं. आणि त्याच्याशी बोलायच्या. "काय वं, जेवली का नाई?" मला सुरुवातीला वाटलं, बाईंना ऊन लागलंय.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गाव कोनतं तुझं?"

मी नागपुरातला सासरचा पत्ता सांगितला, "धंतोली."

"ते लावलं ते ठिकान झालं. बी कुठचं?"

मी गोंधळले. मग म्हटलं, "सावंतवाडीकडचं."

"असं सांग ना मंग. कोकणी आहेस." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, जणू मोजपट्टी लावली. "या उन्हाळ्यात तू पानं गाळशील बरं."

तेव्हापासून मी कोकणी. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. प्रत्येकाला त्या हेच विचारायच्या, बी कुठचं. आमचा चौकीदार सुखदेव कुहीचा, म्हणजे धानाचा माणूस. "याले पाय पाण्यात ठेवल्याशिवाय करमत नाई," म्हणायच्या. कळमन्याच्या बाजारात संत्री घेताना विक्रेत्यालाही विचारायच्या आणि तो काटोलचं म्हणाला की साल नखानं खरवडून नाकाला लावायच्या. "खोटं बोलून राहिला गा तू," म्हणून पुढं जायच्या. त्या स्वतः नरखेड तालुक्यातल्या, संत्र्याच्या बागाईतदाराच्या लेक.

हे गावाचं वेड नव्हतं, तेच त्यांचं शास्त्र होतं. टेकडीमागच्या मुरमाड जमिनीवर त्यांनी सागाचा एक प्लॉट लावला होता. एक ओळ नरखेडच्या कोरड्या टेकड्यांवरच्या बियाची, तिच्या शेजारची ओळ कोकणच्या ओल्या जंगलातल्या बियाची, पुन्हा नरखेड, पुन्हा कोकण. जमीन, ऊन, पाऊस सगळं एकच. आता झाडं सारखी वागली, तर फरक होता तो मातीपाण्याचा. पण एकाच मातीत उभी राहूनही प्रत्येकानं आपापल्या गावची रीत पाळली, तर ती रीत रक्तातली. पिढ्यान्‌पिढ्या एका मुलखात राहून झाडानं अंगात मुरवलेली.

आणि ती पाळत होती हो! डिसेंबर लागला की नरखेडच्या ओळी पानं टाकून मोकळ्या व्हायच्या. नुसत्या काठ्या. कोकणच्या ओळी मात्र फाल्गुन आला तरी हातभर पानं मिरवत उभ्या.

"ही पाह्य," बाई नरखेडच्या एका काठीला हात लावून म्हणायच्या. "हिले माहीत आहे पुढं काय येऊन राहिलं ते. दुकान बंद करून झोपली. आन् ही तुझी मावशी, नटून बसली आहे. कोन येनार आहे वं पाहाले?"

मला राग यायचा. मावशी म्हणजे माझीच ना! मीही तशीच होते. नागपूरच्या पहिल्या उन्हाळ्यात काठापदराची साडी नेसून भर दुपारी सीताबर्डीला गेले होते आणि दोघांनी धरून रिक्षात घातलं तेव्हा घरी आले.

प्लॉटवर बायकांसाठी आडोसा नव्हता. पुरुष कुठंही पाठ फिरवायचे. मी फिरकीचा तांब्या घेऊन जायची आणि तो दुपारपर्यंत रिकामा करायची, मग व्हायची पंचाईत. बाई कधी चिडल्या नाहीत. डोक्यावरचा दुपट्टा सोडायच्या, दोन्ही हातांत ताणून धरायच्या आणि तोंड फिरवून उभ्या राहायच्या. "आरामात होऊ दे. झाडं कुठं पळून नाई जाऊन राहिली."

त्या स्वतः मात्र सकाळी घरून चहा घेऊन निघायच्या, त्यानंतर संध्याकाळी घरी पोचेपर्यंत घोटभर पाणी नाही. मी तांब्या पुढं केला की हात हलवायच्या.

"तहान नाही लागत, बाई?"

"नाई वं. मी नरखेडची. आम्ही ताणावरची मानसं."

ताण म्हणजे काय ते त्यांनीच सांगितलं. संत्र्याला बहार धरायचा असला की बागाईतदार आधी त्याचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड घाबरतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी लदबदून जातं. "पन कुठं थांबाचं ते समजलं पाह्यजे," त्या म्हणायच्या. "माझे बाबा रोज पान हातात चुरून पाहत. आमच्या शेजाऱ्यानं नाई पाह्यलं. ताण जास्त झाला, अख्खी बाग वाळली."

मी मान डोलावली. बाई काटक आहेत, त्यांना लागत नाही, यावर माझा बसला विश्वास. त्यांच्यासाठी कधी मी दुपट्टा धरला का? नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या हिवाळ्यात त्यांनी एक नवीन खटपट मांडली. झाडाचं रक्त तपासायची. शेंड्यांचे मिटलेले कोंब बर्फात ठेवून कुटायचे, रसात कागदाचे चिटोरे बुडवायचे, ते बटाट्याच्या सत्त्वाच्या खळीत खोचायचे आणि वीज लावायची. रसातली प्रथिनं आपापल्या वेगानं सरकतात आणि रंग चढवला की पट्टे उमटतात. खळ आम्ही स्टोव्हवर शिजवायचो. कुरडईच्या चिकासारखी रटरटायची. पहिल्यांदा मी ती करपवली, दुसऱ्यांदा गुठळ्या केल्या. बाई म्हणाल्या, "सासू जेवू घालते का तुले?"

मग एका दुपारी ते पट्टे दिसले. नरखेडच्या झाडांत एक पट्टा वर, कोकणच्या बहुतेक झाडांत तोच खाली. मी उड्या मारायला लागले. "बाई, सापडलं!"

बाई काच उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा. "खानदान वेगळं आहे, एवढंच सापडलं. हा फरक तगवते का नुसता कपाळाचा टिळा आहे, ते या खळीत नाई दिसत, कोकणी. ते उन्हाळा सांगन."

उन्हाळ्यानं सांगायला हवं होतं त्यालाही कारण होतं. त्या वर्षी खात्याला नरखेडकडच्या उघड्या टेकड्यांवर मोठी सागलागवड करायची होती आणि आमच्या केंद्राच्या साहेबांचं मन बसलं होतं कोकणच्या बियावर. तिथली झाडं सरळसोट, खांबासारखी. त्यांचे फोटोच टेबलावर काचेखाली लावले होते साहेबांनी. बाई सांगून थकल्या की हे बी त्या टेकड्यांवर पहिल्या कडक उन्हाळ्यात मरेल. साहेब म्हणाले, "पुरावा दाखवा." पुरावा म्हणजे हा प्लॉट. आदला पावसाळा दगा देऊन गेला होता, तेव्हा उन्हाळा हवा तसा कडक येणार होता. साहेब मे संपता संपता प्लॉट बघणार, पावसाआधी बियाचं ठरणार, आणि त्यानंतर ती जमीनही रोपवाटिकेसाठी जाणार. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नव्हती.

बाईंनी सुखदेवला आणि मला बजावलं, "थेंब नाई. मी मेली तरी थेंब नाई."

एप्रिलमध्ये कोकणच्या ओळी पापडासारख्या वळायला लागल्या. शेंडे माना टाकून. मी जवळून जायची तेव्हा पानं कुरकुर वाजायची. नरखेडवाल्या काठ्या शेजारी गप्प उभ्या, त्यांचं काही दुखत नाही असं वाटावं अशा. पण ही माझ्या डोंगरातली! हिच्या आईच्या सावलीत मी करवंदं खाल्ली असतील. कुणी तिला विचारलं होतं का, इथं यायचंय का म्हणून? मला तरी कुणी विचारलं होतं?

बघा, विसाव्या वर्षी अक्कल कशी असते. झाडाच्या निमित्तानं मी स्वतःवरच रडत होते आणि त्याला करुणा म्हणत होते.

तेव्हा बाई पट्ट्यांच्या कामात शहरातल्या प्रयोगशाळेतच अडकल्या होत्या आणि प्लॉटच्या नोंदी माझ्यावर सोपवल्या होत्या. एक दिवस मी सुखदेवला म्हटलं, "बाईंनी कोकणच्या ओळींना पाणी द्यायला सांगितलंय."

तो बघतच राहिला. "पक्कं?"

"पक्कं."

त्यानं रहाट ओढला, मी बादल्या वाहिल्या. आठवड्या-आठवड्यानं, मे संपेपर्यंत. हातांना फोड आले ते मी घरी कौतुकानं दाखवले.

साहेबांची जीप आली तेव्हा ऊन असं होतं की जीपच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. प्लॉटवर एका ओळीत हिरवी पानं, शेजारच्या ओळीत वाळकी काटकं. साहेब मोठ्यानं हसले.

"रेवतकर बाई, ही काटकं म्हणजे तुमची गुणी लेकरं का? आणि ज्यांना मरायचं होतं ती तर लग्नाला निघाल्यासारखी दिसताहेत!"

बरोबरचे सगळे हसले. काटकं जिवंत आहेत, खात नाहीत-पीत नाहीत म्हणूनच जिवंत आहेत, हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

बाई वाकल्या, कोकणच्या एका रोपाच्या बुंध्याशी बोट खुपसलं आणि नाकाजवळ नेलं. मग बोट पातळाला पुसलं. सुखदेव रहाटाआड सरकला. 'पाणी' या एका शब्दानं सगळं उलटलं असतं. तो शब्द त्यांनी गिळला, कारण तो कुणाच्या गळ्यात पडेल ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

जीप गेल्यावर त्यांनी विचारलं, "कोनं?"

"मी," मी म्हटलं. "सुखदेवला मीच खोटं सांगितलं."

"काहून?"

"ती मरत होती, बाई."

बाई खाली मुरमातच बसल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मरतच होती वं," त्या म्हणाल्या. "तेच त पाहाचं होतं."

मी मोठमोठ्यानं रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग उठल्या, माझे हात उलटे करून फोड बघितले आणि म्हणाल्या, "हळद लाव."

बियाच्या बैठकीत मी मागच्या खुर्चीवर तक्त्यांच्या गुंडाळ्या मांडीवर घेऊन बसले होते. आत जाण्याआधी बाईंनी दारात थांबवून सांगितलं होतं, "तू उठाचं नाई. तुझी नोकरी कच्ची आहे. सुखदेवची त त्याहून."

मग त्या उभ्या राहिल्या आणि आमच्याशी कधी बोलत नसत त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "या वर्षीची निरीक्षणं बाद समजावीत. कोकणच्या ओळींना पाणी मिळालं आहे. प्लॉट माझ्या ताब्यात होता. जबाबदारी माझी."

"पाणी मिळालं म्हणजे?" साहेबांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं सांभाळलंत आणि ऐन उन्हाळ्यात पाणी? की निकाल मनासारखा आला नाही म्हणून बाद?"

ज्या बाईनं पट्टे समोर उमटलेले असतानाही "एवढंच सापडलं" म्हटलं होतं, तिला हे ऐकावं लागलं. उत्तर द्यायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. त्या उभ्या राहिल्या तशाच. मी खुर्चीला डिंकानं चिकटवल्यासारखी बसून राहिले. उठू नको म्हटलं होतं ना त्यांनी! आज्ञाधारक मुलगी. पाणी घालताना कुठं गेला होता आज्ञाधारकपणा, कुणास ठाऊक.

कोकणचं बी आलं. प्लॉट नांगरला गेला. बाईंना वाळवलेल्या नमुन्यांच्या खोलीत बसवलं. त्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि मी डबा घेऊन गेले की म्हणायच्या, "ये कोकणी. इथं गारवा आहे, तुले मानवन."

पुढं एकदा, उन्हाळा सरता सरता, त्यांनी मला नरखेडच्या एस.टी.त बसवलं. का, ते सांगितलं नाही. फाट्यावर उतरून आम्ही टेकडीपर्यंत चालत गेलो. खाली संत्र्याच्या बागा, पंपांचा आवाज. वर सरकारी लागवड. खड्ड्यांच्या ओळीच ओळी आणि प्रत्येक खड्ड्यात एक वाळकी छडी. मी एक ओढली, ती मुळासकट हातात आली.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई थांबली. "काय पाहून राहिल्या, माय? ते त गेल्या उन्हाळ्यातच गेलं सारं."

"दिसलं मले," बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलावं. म्हटलं, "बाई, शेवटी तुमचंच खरं ठरलं."

त्या माझ्यावर एकदाच ओरडल्या, त्या दिवशी. "खरं ठरून काय कराचं वं? झाडं मेली ना!"

मग त्या छडीपाशी वाकल्या आणि तिला उलट्या हातानं चाचपलं. मेलेल्या झाडाला. परत येताना एस.टी.त मी तांब्या पुढं केला, त्यांनी हात हलवला.

निवृत्तीनंतर फार दिवस गेले नाहीत. पायांवर, चेहऱ्यावर सूज यायला लागली. मूत्रपिंडं कामातून गेली होती. डॉक्टरांनी सगळी विचारपूस करून मान हलवली. इतकी वर्षं पाणी न पिता, लघवी दाबून उन्हात काम, असं बाईमाणसानं करायचं असतं का, म्हणाले. मी भिंतीकडे बघत उभी होते. माझ्या डोळ्यांपुढं दुपट्टा आला. ताणून धरलेला, आणि धरणारीचं तोंड पलीकडे.

आता त्यांना पाणी द्यायचं नव्हतं. शरीर बाहेर टाकत नाही, तर आत घालायचं कसं? दिवसाकाठी मोजकं, तेही वाटीनं. भावाची माणसं नरखेडहून येऊन-जाऊन होती, दुपारी मी बसायची. मे महिना होता. खिडकीला वाळ्याची ताटी लावली होती, आणि त्या ओल्या वासाकडे त्या तोंड करून पडायच्या.

शेवटच्या दुपारी त्यांनी डोळे उघडले. ओठांवर सालं निघाली होती. "कोकणी," त्या म्हणाल्या, "पानी."

वाटी माझ्या हाताशी होती. माठ होता. मी म्हटलं, "बाई, डॉक्टरांनी नाही म्हटलंय. संध्याकाळी देते."

त्या हसल्या. खरंच हसल्या. "आता शिकली वं तू."

मी ओलं फडकं त्यांच्या ओठांवर फिरवलं. इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते सांगायला लागले, की बाई, त्या उन्हाळ्यात मी... त्यांनी हात हलवला. तांब्याला हलवायच्या तसाच. ताटीकडे तोंड वळवलं. मला वाटलं झोप लागली. मग माझा हात चाचपला, उलट्या हातानं, आणि म्हणाल्या,

"कोकणीले पाजलं ते पाजलं. पन नरखेडवालीले काहून नाई पाजलं वं? तहान तिलेही लागत होती."